डेल पॉवरएज आर७३०: स्लॉट सात, चालणारे किती?

आमच्या पुण्यातील छोट्या कार्यालयात जुन्या पोथ्या आणि दुर्मीळ पुस्तके स्कॅन करून जतन करण्याचे काम चालते. स्कॅन केलेल्या पानांचा पसारा जुन्या सर्व्हरला झेपेनासा झाला, तेव्हा खिशाला परवडेल असा पर्याय म्हणून एका स्थानिक विक्रेत्याकडून डेलचा पॉवरएज आर७३० हा सर्व्हर रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेला पण दुरुस्त करून विकलेला, घेतला. हे यंत्र २०१४ मधले, दोन यू (सर्व्हरच्या रॅकमधल्या दोन घरांएवढ्या) उंचीचे आणि दोन प्रोसेसरांची सोय असलेले आहे. आम्ही मात्र खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी एकाच प्रोसेसरचे घेतले, आणि पुढची सगळी कथा त्या काटकसरीची आहे. त्याच्या वेगाविषयी आणि मेमरीविषयी इतरांनी पुष्कळ लिहून ठेवले असल्यामुळे हे परीक्षण मी त्यात कार्डे बसवण्यापुरतेच मर्यादित ठेवतो. कार्डे दोन होती: दहा गिगाबिटच्या नेटवर्कसाठी इंटेलचे एक्स५२०-डीए२ आणि बाहेरची डिस्कची पेटी जोडण्यासाठी एलएसआयचे ९२०७-८ई.

यांत्रिक रचनेला मी पैकीच्या पैकी गुण देईन. झाकणाचे कुलूप फिरवून खटका उचलला की झाकण मागे सरकून हातात येते. आत जिथे हात लावायचा ते भाग निळ्या रंगाचे असून चालू यंत्रातून काढता येणारे भाग विटकरी रंगाचे आहेत. कार्डे थेट मदरबोर्डवर उभी राहत नाहीत, तर रायझर नावाच्या उभ्या पट्ट्यांवर आडवी बसतात. त्यामुळे अख्खा रायझर काठांना धरून सरळ वर उचलायचा, टेबलावर ठेवून त्यात निवांतपणे कार्ड बसवायचे आणि मग तो परत जागेवर दाबायचा, अशी सोय आहे. रॅकमध्ये डोके घालून, बॅटरी दातांत धरून स्क्रू शोधण्याची ज्यांना सवय आहे त्यांना या सुखाची किंमत वेगळी सांगायला नको. खबरदारी एवढीच, की सर्व्हर बंद केला तरी आयड्रॅक हा देखरेखीचा भाग वीज मिळत असेपर्यंत जागाच असतो. म्हणून दोन्ही वीजतारा काढून, पॉवरचे बटण एकदा दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्यावी आणि मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधूनच हात आत घालावा. पुण्याच्या कोरड्या हिवाळ्यात स्वेटर काढताना ठिणगी उडते. तेवढी स्थिरवीज कार्ड बिघडवायला पुरून उरते.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. जाहिरातीत या सर्व्हरला सात स्लॉट, म्हणजे कार्ड खोचण्याच्या सात खाचा, असल्याचे म्हटलेले असते आणि ते खोटे नाही. पण प्रत्येक स्लॉटच्या तारा दोनपैकी एका प्रोसेसरकडे जातात आणि तो प्रोसेसर जागेवर नसेल तर स्लॉट नुसता शोभेचा उरतो. या पिढीच्या झिऑन ई५-२६०० प्रोसेसरला पीसीआय एक्सप्रेसच्या, म्हणजे कार्डे जोडण्याच्या मार्गाच्या, ४० लेन (माहिती वाहण्याच्या वाटा) असतात. त्यातूनच सर्व वाटणी करावी लागते. आर७३० मध्ये १ ते ४ हे स्लॉट दुसऱ्या प्रोसेसरचे आहेत आणि ५, ६ व ७ हे पहिल्याचे. त्यातही पहिल्या रायझरवरचे स्लॉट १, २ आणि ३ अर्ध्या उंचीच्या कार्डांसाठी आहेत, बाकीचे पूर्ण उंचीच्या. म्हणजे एकाच प्रोसेसरचे यंत्र घेणाऱ्याच्या पदरात सातांपैकी तीन स्लॉट पडतात आणि तिन्ही पूर्ण उंचीचे. शिवाय ६ व ७ हे तिसऱ्या रायझरवर असल्यामुळे तो रायझर खोक्यात आला आहे की नाही, हेही आधी पाहावे लागते.

हे मला कळले ते हात पोळल्यावर. विक्रेत्याने ९२०७ कार्ड फक्त अर्ध्या उंचीच्या ब्रॅकेटसह (कार्ड पेटीला अडकवणाऱ्या धातूच्या पट्टीसह) पाठवले होते. मी आखूड ब्रॅकेट पाहिला, आखूड स्लॉट पाहिला आणि दोघांची सोयरीक जुळवून दिली. कार्ड टक् आवाज करून बसले, खटका लागला, झाकण बंद झाले. लिनक्स सुरू झाल्यावर मात्र जोडलेली कार्डे दाखवणाऱ्या एलएसपीसीआय या आज्ञेच्या यादीत त्याचे नाव नाही. कार्ड काढून संपर्कपट्टी पुसली, परत बसवले, स्लॉट बदलला, पुन्हा तेच. संध्याकाळचे दोन तास गेल्यावर मालकपुस्तिका उघडली, तेव्हा पहिले चार स्लॉट वापरण्यासाठी दोन्ही प्रोसेसर हवेत ही सूचना स्वच्छ छापलेली सापडली. पुस्तिका आधी वाचली असती तर चहा गरम मिळाला असता.

एक्स५२० ने त्रास दिला नाही. ते पाचव्या स्लॉटमध्ये पहिल्याच खेपेला ओळखले गेले आणि आठ लेनवर चालू लागले. हे कार्ड पीसीआय एक्सप्रेसच्या दुसऱ्या पिढीचे असले तरी त्याच्या दोन्ही पोर्टांना मिळून जेवढी वाट लागते त्यापेक्षा आठ लेनची वाट रुंद आहे. फक्त इंटेलच्या खुणेचे नसलेले ऑप्टिकल मॉड्यूल (पोर्टात खोचून प्रकाशतंतूची तार जोडायचा भाग) त्याचा ड्रायव्हर एरवी नाकारतो, हे खरेदीआधी लक्षात घ्यावे. लिनक्समध्ये ड्रायव्हरला तशी परवानगी देणारी एक ओळ लिहिता येते.

पंख्यांच्या आवाजाविषयी अनेकांची कुरकूर असते. डेलच्या यादीत नसलेले कार्ड बसवले की त्याला किती हवा लागेल हे यंत्राला ठाऊक नसते, म्हणून ते सावधगिरीने पंखे वाढवते. बंद सर्व्हर-खोलीत हे योग्यच आहे. ज्यांचा सर्व्हर बसण्याच्या खोलीत आहे त्यांना आयपीएमआय या सर्व्हर-देखरेखीच्या प्रणालीच्या आज्ञेने ही सवय बंद करता येते, पण मग कार्डाच्या तापमानाची जबाबदारी आपली. रिकाम्या स्लॉटांवरचे पत्रे मात्र कधीही काढून ठेवू नयेत. हवा आखलेल्या वाटेने जावी म्हणून ते असतात, आणि याच कारणाने झाकणाशिवाय सर्व्हर पाच मिनिटांहून अधिक काळ चालवू नये असे कंपनीही सांगते.

विक्रेत्याला मी पाचपैकी तीन गुण देतो. यंत्र आतून स्वच्छ होते आणि तिसरा रायझर न मागता मिळाला. पण एका प्रोसेसरच्या यंत्राबरोबर आखूड ब्रॅकेटचे कार्ड देताना एका वाक्याची सूचना त्यांना जड नव्हती. फोन केल्यावर त्यांनी वाद न घालता पूर्ण उंचीचा ब्रॅकेट पाठवला. साध्या लिफाफ्यात, पुठ्ठ्याच्या तुकड्याला चिकटपट्टीने लावलेले दोन इवलेसे स्क्रू होते. ब्रॅकेट बदलायला पाच मिनिटे लागली. कार्ड आता सहाव्या स्लॉटमध्ये असून तिसऱ्या पिढीच्या पूर्ण वेगाने आठ लेनवर चालते, आणि पहिला रायझर दुसरा प्रोसेसर घेण्याइतके पैसे जमेपर्यंत रिकामाच आहे.