सामुराईचा जुना किट: शिशाचा की प्लास्टिकचा?

सुटे भाग जोडून रंगवायच्या छोट्या पुतळ्याचा संच म्हणजे किट. ९० मिलिमीटरचा जुना धातूचा सामुराई, म्हणजे जपानी योद्धा, हातात घेतला की आधी वजन जाणवतं. 'पोस्ट मिलिटेअर' या इंग्लिश कंपनीचे असे किट आजही शोधले जातात. चिलखताच्या पट्ट्या बांधणाऱ्या दोऱ्यांचे पीळ भिंगाखाली बघा. ते गुळगुळीत, भरल्यासारखे दिसले, तर मूळ किटावरून साचा काढून ओतलेली नक्कल असण्याची शक्यता जास्त. नक्कल आकारानेही किंचित लहान भरते.

दुसरी तपासणी पांढऱ्या भुकटीची. जुन्या मिश्रधातूत शिसं असतं, आणि ओक लाकडाच्या बंद कपाटातली आम्लाची वाफ ते हळूहळू खाते. भुकटी दिसली तर फुंकर मारू नका, ती विषारी असते. असा किट मी फुकटही घेणार नाही. वाकलेली तलवार मात्र हलक्या हाताने सरळ होते.

प्लास्टिकच्या किटात हे दुखणं नाही. तिथे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात, त्या सांगाड्यावरचे सुटे भाग मोजायचे आणि पिवळी पडलेली डिकल्स, म्हणजे चिकटवायची छापील चित्रं, बघायची, बस. दाते मासामुने या जपानी सरदाराच्या शिरस्त्राणावरची चंद्रकोर हरवली असेल, तर उरलेल्या डब्याला काय अर्थ! स्वस्तात हात बसवायला प्लास्टिक घ्या. कपाटात एकच ठेवायचा असेल तर मी धातूचाच घेईन.