गणपती पेठेतलं ताईंचं डीटीपीचं दुकान, लिहिणाऱ्यांनी नक्की जा

सांगलीत गणपती पेठेत आतल्या बोळात एक डीटीपी, झेरॉक्स आणि बाइंडिंगचं दुकान आहे, बोर्डाचा रंग पार उडालाय, सगळे नुसतं ताईंचं दुकान म्हणतात. 2019 पासून माझं सगळं लिखाण मी तिथंच टाइप करून घेतोय म्हणून हे लिहितोय. पाचपैकी पाच स्टार.

आधी जरा मागचं सांगतो. मी पतसंस्थेत क्लार्क, रात्री जेवणं झाली की लिहायला बसायचं ही सवय. ऑगस्ट 2019 ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं, आमचं घर गावभागात आणि तेही तळमजल्यावर, अंगावरच्या कपड्यांनिशी विश्रामबागला मेव्हण्यांकडं गेलो आणि कादंबरीच्या आठ वह्या कपाटातच राहिल्या. पाणी उतरल्यावर कपाट उघडलं तर नुसता चिखल. त्याच पुरात नगर वाचनालयातली पुस्तकं भिजून गेलेली, ते बघून घरी आलो आणि बायकोला म्हटलं, बास, आता नाही लिहायचं.

तिनंच त्या वह्या पिशवीत घालून ताईंकडं नेल्या, झेरॉक्स तरी निघते का बघा म्हणून. ताईंनी सांगितलं उन्हात अजिबात टाकू नका, कागद आवळतो, एकेक पान सोडवून वर्तमानपत्रात ठेवा, वरनं पंखा लावा आणि ओला झालेला पेपर रोज बदला. पंधरा दिवस आमच्या मेव्हण्यांच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. शाईपेननं लिहिलेलं सगळं निळं पसरून गेलेलं पण बॉलपेनचं अक्षर चिखल पुसला की खालनं तसंच्या तसं दिसायचं. आठातल्या पाच वह्या वाचल्या. तेव्हापासून मी शाईपेन वापरत नाही.

कामाचं म्हणाल तर ताई ओळीखाली स्टीलची पट्टी धरून टाइप करतात, एक ओळ झाली की पट्टी खाली, त्यामुळं ओळ सुटली असं आजवर एकदाही झालेलं नाही. ऱ्हस्व-दीर्घ स्वतः सुधारतात पण आपल्याकडची बोली असेल तिथं हात लावत नाहीत, 'तिकडं' चं 'तिकडे' करत नाहीत, हे फार महत्त्वाचं आहे कारण आधी दुसरीकडं माझी सगळी माणसं पुण्याची झालेली. आणि युनिकोडमध्ये देतात, म्हणजे फाइल कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येते. पूर्वी माझी फाइल जुन्या फॉन्टमध्ये असायची, दिवाळी अंकवाल्यांकडं तो फॉन्ट नसला की उघडल्यावर नुसती चित्रविचित्र अक्षरं, एक कथा तर तेवढ्यासाठीच परत आलेली.

आता परत येण्याचं. तीन वर्षं दिवाळी अंकांना कथा पाठवल्या, एक साभार परत, बाकीच्यांचं उत्तरच नाही. एका प्रकाशकानं कादंबरी न वाचताच चाळीस हजार भरा म्हणून सांगितलं. त्या दिवशी मी ताईंना म्हटलं राहू दे आता, पुढचं टाइप करू नका. ताई म्हणाल्या, "काका, वाटेगावचे अण्णाभाऊ दीड दिवस शाळेत गेले, त्यांनी किती लिहिलं." हे खरं आहे आणि मला त्यांच्याबद्दल अतिशय आदर आहे, पण मोठ्या माणसाचं उदाहरण ऐकून मला काही त्या रात्री लिहावंसं वाटलं नाही. पैसे देऊन निघालो, चप्पल घालतोय तोवर ताईंनी मागनं विचारलं, "पण ती आक्का माहेरी गेली ती परत येती का नाही? मला तेवढं तरी सांगून जावा."

मला सांगताच येईना, कारण मीच ते अजून लिहिलं नव्हतं. घरी येऊन रात्री दीडपर्यंत आक्काला परत आणायचा प्रयत्न केला, ती काही आली नाही, पण प्रकरण झालं. छापून यावं असं कुणाला वाटत नाही? मलाही वाटतंच, पण गेली काही वर्षं मी लिहीत राहिलोय ते कुणीतरी पुढचं पान मागतंय म्हणून. तिथं एक निवृत्त एसटी कंडक्टर अभंग घेऊन येतात, एक कॉलेजची पोरगी कवितांची वही आणते, ताई सगळ्यांनाच विचारतात पुढं काय, आणि विचारतात म्हणजे त्यांनी खरंच वाचलेलं असतं.

रेट मला पानाला तीस रुपये पडतात, दुसऱ्यांदा करेक्शनचे पैसे घेत नाहीत, स्पायरल बाइंडिंग लगेच करून देतात. फाइल स्वतःकडं ठेवतात आणि तुमच्या मेलवरही टाकतात, पुराच्या गावात हे सगळ्यात कामाचं. गाडी बोळात नेऊ नका, लावायला जागा नाही. जून-जुलैमध्ये अंकांची घाई असते, तेव्हा आठ दिवस धरून चला. सकाळी अकराच्या आत गेलात तर ताईंना बोलायला सवड असते, आणि मजकूर बॉलपेननं लिहून न्या.