आंबोलीच्या जंगलात, एका रानबिगोनियापाशी थांबलेली फेरी

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, मंगळवारी, मी आणि माझी मुलगी आंबोलीतल्या एका स्थानिक मुलाबरोबर जंगलात फिरलो. माणशी 600 रुपये, सुमारे साडेचार तास, मध्ये चहा आणि घावणे-चटणी. आम्ही आठ जण होतो. गावात कुठल्याही टपरीवर ‘रात्री बेडूक दाखवणारा दादा’ असं विचारलं की लोक त्याच्या घराकडे बोट दाखवतात.

मी कोल्हापुरात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते, 22 वर्षं झाली. फुलं नर आणि मादी अशी वेगळी पण एकाच झाडावर, हे फळ्यावर काढून दाखवताना मी नेहमी भोपळ्याचं उदाहरण देते. रानबिगोनिया मी त्या दिवसापर्यंत नीट पाहिलाच नव्हता.

जांभ्याच्या एका कड्याशी दादा थांबला. वर अंजनी आणि जांभळाची गर्द सावली, कड्यावरून पाणी निथळतंय, आणि शेवाळाच्या गादीवर वीतभर उंचीची, गुलाबीसर पांढऱ्या फुलांची शेकडो झुडपं. बिगोनिया क्रेनाटा. प्रत्येक पान एका बाजूला झुकलेलं. देठाच्या एकीकडे पानाचा भाग मोठा, दुसरीकडे लहान. कडेला गोलसर दाते, त्यावरूनच ‘क्रेनाटा’. जोनास ड्रायँडर या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने 1791 मध्ये हे नाव दिलं, एवढं मला वाचून माहीत होतं. ते मी सगळ्यांना सांगितलं, तर दादाने वहीत लिहून घेतलं. मला ते फार आवडलं.

त्याने प्रत्येकाच्या हातात एकेक भिंग दिलं आणि सांगितलं, यातलं मादी फूल शोधा. उत्तर दिलं नाही. दहा मिनिटं आठही माणसं त्या ओल्या कड्याला नाक लावून उभी. माझ्या मुलीला आधी सापडलं. समोरून बघायचंच नाही, फूल मागून बघायचं. मादी फुलाच्या मागे तीन पंखांची हिरवी कुपी असते, तेच पुढे फळ होतं. नर फुलामागे नुसता देठ. समोरून मात्र दोघांच्याही मध्यभागी पिवळा झुपका. नराचा झुपका परागाचा, मादीचा तिच्या पिळदार कुक्षींचा, म्हणजे पराग टिपणाऱ्या टोकांचा. बहुतेक बिगोनियांच्या मादी फुलात कीटकाला खायला काहीच नसतं. पराग मिळेल म्हणून तो येतो, फसतो आणि आधीच्या फुलावरचे कण ठेवून जातो. हे मी पुस्तकातून कितीदा वाचलं असेल, पण एक छोटी माशी नर फुलावरून उठून शेजारच्या मादी फुलावर बसताना समोर बघितली तेव्हा मला बोलताच येईना.

त्या एका कड्यापाशी आम्ही चाळीस मिनिटं होतो. मी या फेरीला पैकीच्या पैकी देते ते त्याच चाळीस मिनिटांसाठी. गेल्या वर्षी एका दुसऱ्या सहलीत आम्हाला धबधबा, मग कावळेसाद, मग जेवण असं घड्याळ लावून पळवलं होतं. त्या सहलीतलं भिजलेले बूट सोडून मला काहीही आठवत नाही.

तेवढ्यात आमच्यातल्या एका गृहस्थांनी एक झुडूप उपटलं. खिडकीत लावायचं म्हणून. दादा ओरडला नाही. हात पुढे केला, झुडूप तळव्यावर घेतलं आणि आम्हा सगळ्यांना खालचा कंद दाखवला. हरभऱ्यापेक्षा थोडा मोठा, गोल. या कड्यावर माती बोटभरही नाही. पाऊस ओसरला की दगड कोरडा पडतो, पानं-फुलं सगळं वाळून जातं, आणि हे झाड पुढच्या मृगापर्यंत फक्त एवढ्याशा कंदात जिवंत राहतं. कुंडीत पाणी घालत राहिलं तर नेमका तोच कुजतो. बी तर धुळीसारखं बारीक असतं. ओलं शेवाळ मिळालं तरच रुजतं. मग त्याने ते झुडूप त्याच भेगेत परत बसवलं, वर शेवाळ दाबलं आणि दोन मिनिटं बोटांनी धरून ठेवलं. त्या गृहस्थांनी नंतर स्वतःहून माफी मागितली. चिडचिड न करता इतकं नीट समजावणं मला वर्गात रोज जमत नाही.

देठ आंबट लागतो, लहानपणी गुरांमागे फिरताना चघळायचो, असंही तो म्हणाला. आंबटपणा ऑक्झॅलिक आम्लाचा असतो. त्याने कुणाला चाखायला दिला नाही, तेही बरोबरच केलं.

आता अडचणींचं. सकाळी आठची वेळ दिली होती, निघायला साडेनऊ झाले, आणि पावसाळ्यात तो दीड तास महागात पडतो. शेवटच्या टप्प्यात धुकं इतकं उतरलं की चार हातांपलीकडचं दिसेना. जळवांसाठीचे लांब मोजे पाचच जोड होते. उरलेल्यांनी साध्या मोज्यांवर तंबाखूचं पाणी लावलं; माझ्या मुलीच्या घोट्याला तरी दोन लागल्याच. वाटेत स्वच्छतागृह नाही. बायकांना हे आधी फोनवर सांगायला हवं, मी त्याला तसं स्पष्ट म्हटलं आणि त्याने मान्य केलं. गुडघे दुखणाऱ्यांनी यावं की नाही? कड्यापर्यंत जरूर या, वाट सपाट आहे. पुढचा उतार निसरडा आहे.

पावसाळ्यात शनिवार-रविवार टाळा. धबधब्यापाशी गाड्यांची रांग लागते, त्यातच सकाळ जाते.

निघताना मी विचारलं, आता परत कधी यायचं? म्हणाला, “नोव्हेंबरात येवा. हय कायच दिसूचा नाय, ताच दाखवतंय.” दिवाळीनंतरच्या शनिवारी आम्ही दोघी जातोय, पैसे भरून आले.