वकिलीची सनद मिळाली, आता बसायचं कुठे?

कायद्याच्या शेवटच्या वर्षाचा निकाल लागला की सातारा-सांगली-कोल्हापूर पट्ट्यातली पोरं-पोरी बार रूममध्ये येतात आणि विचारतात, "सर, मुंबईला लॉ फर्ममध्ये जाऊ, हायकोर्टात कुणाचं चेंबर धरू, की इथंच एखाद्या सीनियरकडे बसू?" पाच वर्षांपूर्वी मी डोळे झाकून म्हटलं असतं, मुंबई गाठ. आता तसं म्हणवत नाही, कारण 2025 मध्ये दोन गोष्टी घडल्या.

पहिली 20 मेची. दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर, म्हणजे आपल्या बोलण्यातली जेएमएफसीची परीक्षा द्यायची असेल तर किमान तीन वर्षं वकिली केलेली हवी, ही अट सुप्रीम कोर्टाने परत आणली. 2002 पासून ती नव्हती. त्यामुळे कॉलेज सुटल्यावर पुण्यात खोली घेऊन एमपीएससीच्या अभ्यासिकेत बसायचं आणि काळा कोट कपाटातच ठेवायचा, असा एक सरळ मार्ग होता. तो बंद झाला. तीन वर्षं वकिली केल्याचा दाखलाही साधा नाही. जिथं वकिली केली तिथल्या प्रधान न्यायाधीशांचा, किंवा दहा वर्षं वकिली झालेल्या वकिलाने देऊन त्यावर प्रधान न्यायाधीशांनी शेरा मारलेला असा तो लागतो. न्यायाधीशांकडे लॉ क्लर्क म्हणून केलेलं काम मात्र धरलं जातं.

दुसरी 18 ऑगस्टची. मुंबई हायकोर्टाचं कोल्हापूर सर्किट बेंच, म्हणजे मुंबईबाहेर बसणारं पीठ, त्या दिवशी सुरू झालं. सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची अपिलं, रिट, जामीन आता तिथं चालतात. हायकोर्ट बघायचं म्हणून रात्रीची गाडी पकडून मुंबईला जायची गरज या पोरांना उरली नाही.

हे दोन्ही ध्यानात ठेवून पर्याय बघू.

फर्मचं आकर्षण मला कळतं. मोठ्या फर्मचा एका महिन्याचा पगार जिल्हा कोर्टातल्या ज्युनिअरच्या वर्षाच्या कमाईच्या बरोबरीचा असू शकतो. घरावर शिक्षणाचं कर्ज असेल, बहिणीचं शिक्षण बाकी असेल तर फर्ममध्ये जा आणि कुणी "विकला गेला" म्हटलं तर ऐकून सोडून द्या. पण आत शिरायचं दार अरुंद आहे. राष्ट्रीय विधी विद्यापीठांची मुलं कॅम्पसवरून उचलली जातात. बाकीच्यांना लागोपाठ इंटर्नशिप करून काम दाखवावं लागतं, तेही दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून. शेवटच्या वर्षी जागं झालेल्याला उशीर झालेला असतो. गावाकडच्या मुलांकडे एक गोष्ट असते, ती त्यांना स्वतःलाच माहीत नसते. विकासकाच्या जमिनीचं टायटल, म्हणजे मालकी, तपासताना सातबारा आणि फेरफार न अडखळता वाचणारा माणूस फर्मला लागतोच. मुलाखतीत हे सांगा.

फर्म आणि कंपनी यांत मात्र गल्लत करू नका. कंपनीच्या लीगल विभागात पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की बार कौन्सिलच्या नियम 49 प्रमाणे वकिली थांबते, सनद स्थगित ठेवावी लागते. म्हणजे न्यायाधीश व्हायचं डोक्यात असेल तर ती वर्षं त्या तीनात धरायची नाहीत. फर्ममधले असोसिएट बहुधा सनद राखून काम करतात, पण तीन वर्षं नुसते करारच तपासले आणि कोर्टाची पायरी चढलीच नाही, तर दाखल्यावर सही कोण करणार, याचा आधीच विचार करा.

मुंबईच्या चेंबरचं थोडक्यात सांगतो. कंपनी, लवाद, जहाजांचे दावे, सेबी असल्या कामात रस असेल तर मुंबईला पर्याय नाही. ओरिजिनल साइड, म्हणजे थेट हायकोर्टातच दाखल होणाऱ्या दाव्यांचं काम, कोल्हापूरला येणार नाही. फोर्टात एखादा चांगला काउन्सेल मिळाला तर ड्राफ्टिंगचं शिक्षण तिथल्यासारखं कुठेच नाही. पण खोलीचं भाडं आणि लोकलचा पास घरून पैसे आल्याशिवाय सुटत नाही. केवळ "हायकोर्टात प्रॅक्टिस करतो" हे सांगता यावं म्हणून जाणार असाल, तर कोल्हापूर जवळ आहे.

आता जिल्हा कोर्ट. पहिले सहा महिने तुम्ही मुदतीचे अर्ज द्याल, पर्सिस (कोर्टाला द्यायचं छोटं लेखी निवेदन) लिहाल, समोरच्याचा से (लेखी म्हणणं) आला का म्हणून शिरस्तेदाराच्या टेबलाशी उभे राहाल, नकलांसाठी हेलपाटे घालाल. याला हमाली म्हणतात आणि ती आहेच. पण वर्षभरात न्यायाधीश साहेब सीनियरची वाट न बघता तुम्हालाच विचारतील, "वकीलसाहेब, उलटतपास घेता का?" फर्ममधला तुमचा मित्र त्या दिवशी कराराचा अकरावा मसुदा वाचत असेल. वाटणीचा दावा, 138 ची (चेक न वटल्याची) केस, पोटगी, मोटार अपघात, जामीन, हे सगळं एकाच आठवड्यात समोर येतं. साक्ष मराठीत होते, त्यामुळे साक्षीदार कुठे अडखळला हे तुम्हाला भाषांतराशिवाय कळतं. इंग्रजी मात्र सोडू नका. हायकोर्टात, कोल्हापुरातसुद्धा, कामकाज इंग्रजीत चालतं.

आणखी एक फायदा या पिढीलाच मिळालाय. 1 जुलै 2024 पासून नवे फौजदारी कायदे आले. सीनियरच्या तोंडात अजून खुनाचं जुनं कलम 302 बसलंय, तुम्ही भारतीय न्याय संहितेचं 103 शिकून आलात. त्याआधीच्या गुन्ह्यांचे खटले जुन्याच कलमांवर चालू आहेत, त्यामुळे तुम्हाला दोन्ही लागतील. पण अर्ज लिहिताना सीनियर तुम्हाला कलम विचारतो, अशी वेळ आमच्या वाट्याला कधी आली नव्हती.

पैशाचं खरं सांगतो. ऑक्टोबर 2024 मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने ज्युनिअरला शहरात 20 हजार आणि ग्रामीण भागात 15 हजार मानधन द्यावं, असं परिपत्रक काढलं. ती शिफारस आहे, सक्ती नाही. मला पहिल्या सीनियरनी दोन वर्षं चहाशिवाय काही दिलं नाही, आणि मी विचारलंही नाही. तुम्ही पहिल्याच भेटीत विचारा. आकडा लहान असला तरी चालेल, विषय टाळणारा सीनियर टाळा. नाव मोठं आहे म्हणून जाऊ नका. त्यांचा आत्ताचा ज्युनिअर स्वतः साक्ष घेतो की फक्त बॅग उचलतो, हे मागच्या बाकावर आठ दिवस बसलात तरी दिसेल.

माझं मत विचाराल तर न्यायाधीश किंवा कोर्टातला वकील व्हायचं असेल त्याने पहिली तीन वर्षं आपल्या जिल्ह्यात काढावीत आणि महिन्यातून दोन-चार दिवस कोल्हापूर बेंचवर बसावं. घरी पैशाची निकड असेल किंवा कंपनी कायद्यातच रस असेल त्याने मुंबई धरावी.

कुठेही जा, सनदेचा अर्ज निकालाच्या आठवड्यातच टाका. न्यायाधीशाच्या परीक्षेसाठीची तीन वर्षं तात्पुरत्या नोंदणीच्या तारखेपासून मोजली जातात, ऑल इंडिया बारची परीक्षा नंतर पास झालात तरी चालतं. नोंदणीची फी सुप्रीम कोर्टाने जुलै 2024 मध्ये खुल्या गटासाठी 750 आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी 125 रुपयांवर आणून ठेवली आहे. मुद्रांक शुल्क वेगळं.