वृद्धनिवासातील मावशीसाठी स्वतंत्र प्रतिनिधी: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

मालवण तालुक्यातील एका वृद्धनिवासात राहणाऱ्या माझ्या मावशीसाठी आम्ही गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर एक स्वतंत्र प्रतिनिधी नेमली. यंदाचा शिमगा होऊन गेला तरी ही व्यवस्था चालू आहे. ज्यांची वडीलधारी माणसे कोकणात अशा निवासांत आहेत आणि जे स्वतः नोकरीनिमित्त मुंबई-पुण्याला आहेत, त्यांच्या उपयोगी पडावा म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. निवास निवडताना आम्ही खोली, जेवण, डॉक्टरांच्या फेऱ्या आणि कॅमेरे पाहिले होते. परंतु मावशीच्या सुरक्षिततेत खरा फरक पडला तो निवासाच्या पगारावर नसलेल्या आणि आमच्या नात्यातही नसलेल्या एका व्यक्तीमुळे.

निवासाला आपले नाव आणि दरमहाची फी सांभाळायची असते. कुटुंबाला, उघड कोणी म्हणत नसले तरी, पुन्हा नवी जागा शोधण्याची वेळ येऊ नये असे वाटत असते. या दोहोंच्या मध्ये राहणाऱ्या वृद्ध व्यक्तीला आपली तक्रार दोघांनाही अडचणीची आहे हे बरोबर कळते आणि ती गप्प राहते. शिवाय फोन परिचारिकेने हातात धरलेला आणि स्पीकरवर लावलेला असेल, तर पलीकडून “सगळं बरं आहे” याखेरीज दुसरे उत्तर येण्याची अपेक्षाच धरू नये.

आमच्या प्रतिनिधी सरकारी रुग्णालयातून निवृत्त झालेल्या परिचारिका असून शेजारच्याच गावात राहतात. त्या दर आठवड्याला, वेळ आधी न कळवता, मावशीला भेटतात आणि दार लावून तिच्याशी एकटीशी बोलतात. मावशीने सही केलेल्या अधिकारपत्रात त्यांची कामे नेमकी लिहिली आहेत: औषधांचा तक्ता पाहणे, मावशीची संमती असेल तेव्हा अंघोळीच्या वेळी पडून राहिल्याने जखमा झाल्या आहेत का हे पाहायला पाठ, कंबर आणि टाचा तपासणे, डॉक्टरांच्या भेटीला हजर राहणे आणि मावशीचे म्हणणे व्यवस्थापकांपर्यंत पोहोचवणे. पैसे, बँक, पेन्शन आणि घरजमिनीचे कागद यांना हात लावायचा नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे लिहिले आहे. त्यांचे मानधन मावशीच्या स्वतःच्या पेन्शनमधून जाते. ही अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण मानधन मी दिले असते तर त्यांनी नकळत मलाच अहवाल द्यायला सुरुवात केली असती. त्यांना भेटू दिले जाईल, ही अट आम्ही निवासाच्या करारपत्रात लेखी घालून घेतली. तोंडी आश्वासन व्यवस्थापक बदलला की संपते.

थंडीच्या सुरुवातीला प्रतिनिधी बाईंना मावशीच्या दोन्ही मनगटांवर सारख्याच उंचीवर वळ दिसले. पलंगाला हात आपटला असेल, असे उत्तर मिळाले. पण एका वेळी दोन्ही मनगटांवर सारखे वळ आपटून उठत नाहीत, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. मावशीला एकटीला विचारल्यावर कळले की ती रात्री लघवीला उठते आणि पडू नये म्हणून तिचे हात ओढणीने पलंगाला बांधले जातात. बाईंनी रात्रपाळीच्या मुलीवर आवाज चढवला नाही. त्यांनी वहीत तारीख, वेळ आणि मावशीचे शब्द जसेच्या तसे लिहिले, तिला विचारून छायाचित्र काढले आणि त्याच दिवशी व्यवस्थापकांकडे लेखी तक्रार देऊन पोच घेतली. चौकशीत उघड झाले की रात्री संपूर्ण मजल्यासाठी एकच मदतनीस असे. बांधणे त्या आठवड्यात थांबले, पलंगाशेजारी कमोडची खुर्ची आली, पलंगाची उंची कमी झाली आणि रात्री दुसरी मदतनीस नेमली गेली. कॅमेरा त्या मजल्यावरही होता, पण तो व्हरांड्यात होता.

वळांइतके न दिसणारे आणखी एक प्रकरण होते. संध्याकाळचे जेवण लवकर उरकून झोपेची गोळी दिली जात असे, त्यामुळे मजला शांत राही. मावशीने बाईंना सांगितले, “सांजवेळेक माका निजवू नकात, दिवो लावची वेळ ती.” हे डॉक्टरांसमोर तिच्याच शब्दांत मांडले गेले, गोळीची वेळ पुढे गेली आणि पुढे मात्राही कमी झाली. मी स्वतः तिथे असतो तर झोप लागते हेच चांगले, असे कदाचित म्हटले असते. प्रतिनिधीने मात्र मावशीच्या हिताचा आपल्या मनाने अर्थ लावायचा नसतो, तिची इच्छा मांडायची असते. याच कारणाने काही गोष्टी बाई मला सांगतही नाहीत. जिवाला धोका असेल किंवा इतर रहिवाशांना इजा होण्याची शक्यता असेल, तरच मावशीचा शब्द मोडून बोलायचे, असे सुरुवातीलाच ठरले आहे. भाचा म्हणून हे सहन करणे मला जड जाते, पण मावशी त्यांच्याशी मोकळेपणाने बोलते ती याच भरवशावर.

कायद्याचा आधार किती आहे, हेही सांगितले पाहिजे. ज्येष्ठांसाठीचा 14567 हा राष्ट्रीय मदत क्रमांक सकाळी 8 ते रात्री 8 चालतो. आम्हाला तिथे शांतपणे ऐकून घेऊन योग्य मार्गदर्शन मिळाले. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा 2007 चा कायदा, ज्येष्ठ स्वतः असमर्थ असल्यास, त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीला किंवा संस्थेला त्याच्या वतीने अर्ज करू देतो, परंतु तो अर्ज मुलांकडून किंवा नातलगांकडून निर्वाह मिळवण्यासाठी असतो. निवासातील वागणुकीची तक्रार प्रांताधिकाऱ्यांसमोरच्या त्या न्यायाधिकरणात बसत नाही. खासगी निवासांची नोंदणी आणि किमान निकष आणू पाहणारे दुरुस्ती विधेयक 2019 मध्ये लोकसभेत मांडले गेले, पण त्याचा कायदा झाला नाही. इंग्लंडमध्ये 2014 च्या केअर अ‍ॅक्टने छळाच्या किंवा हेळसांडीच्या चौकशीत स्वतःचे म्हणणे मांडण्यास अतिशय अडचण असलेल्या आणि बाजू मांडणारे योग्य माणूस जवळ नसलेल्या व्यक्तीसाठी स्वतंत्र प्रतिनिधी देणे स्थानिक प्रशासनावर बंधनकारक केले आहे. आपल्याकडे मात्र आमची व्यवस्था फक्त करारपत्रातील एका कलमावर उभी आहे.

या व्यवस्थेच्या उणिवाही आहेत. मुसळधार पावसात रस्ता बंद झाला किंवा बाई स्वतः आजारी पडल्या, तर भेट चुकते आणि त्यांच्या जागी जाणारे कोणी नाही. आता आम्ही पर्यायी व्यक्तीचे नाव अधिकारपत्रात घालत आहोत. नवीन सुरुवात करणाऱ्यांनी ते पहिल्याच दिवशी घालावे. अधिकारपत्रही स्मृती शाबूत असतानाच करून ठेवावे, कारण नंतर केलेल्या सहीवर प्रश्न उभा राहतो.

मावशीच्याच मजल्यावर आणखी एक आजी आहेत. त्यांना भेटायला कोणी येत नाही, त्यांना दिवस-वार आठवत नाही आणि अधिकारपत्र देण्याच्या स्थितीत त्या नाहीत. बाई त्यांच्या टाचा पाहू शकत नाहीत, त्यांच्या गोळ्यांबद्दल विचारू शकत नाहीत. महिलांना उत्पन्नाची अट न लावता विनामूल्य विधी सेवा मिळते, म्हणून तालुका विधी सेवा समितीने या निवासात ठरावीक दिवशी विधी स्वयंसेवक पाठवावा, असा अर्ज आम्ही दिला आहे आणि त्याचा पाठपुरावा चालू आहे.