बुरशीच्या शंकेत आधी काय: रक्ततपासणी की ब्रॉन्कोस्कोपी?

प्रतिकारशक्ती शाबूत असलेल्या माणसाचा खोकला आठवडे उलटले तरी थांबत नाही, प्रतिजैविकांनी एक्स-रेवरील सावली हटत नाही आणि थुंकीत क्षयाचे जंतूही मिळत नाहीत, तेव्हा ॲस्परजिलस या बुरशीची शंका येते. मग प्रश्न पुढच्या पायरीचा उरतो: रक्तातील गॅलॅक्टोमॅनन (या बुरशीच्या पेशीभित्तिकेतून सुटणारे प्रतिजन, म्हणजे तिची खूण देणारा पदार्थ) पाहावे, की ब्रॉन्कोस्कोपी करून, म्हणजे श्वासनलिकेत दुर्बीण घालून, लव्हाजचा (फुप्फुसाचा भाग धुऊन परत घेतलेला) द्रव तपासावा?

रक्ततपासणी सोपी असल्याने मीही बरीच वर्षे तीच आधी सांगत असे. मला खटकू लागला तो तिचा 'निगेटिव्ह' अहवाल. हे प्रतिजन रक्तात उतरते ते मुख्यतः बुरशीचे तंतू रक्तवाहिन्यांत शिरल्यावर, आणि न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशी घटलेल्या रुग्णांत तसे घडत असल्यामुळे तिथे या चाचणीचा चांगला उपयोग होतो. धडधाकट माणसाच्या न्यूट्रोफिल पेशी मात्र बुरशीला बऱ्याच अंशी जागीच रोखतात आणि सुटलेले प्रतिजनही साफ करतात, म्हणून आजार असूनही रक्त कोरे दिसू शकते. एका रुग्णाच्या बाबतीत अशा अहवालावर विसंबून मी दीड महिना थांबलो. पुढे लव्हाजमध्ये तेच प्रतिजन भरपूर सापडले आणि बायोप्सीत तंतूही दिसले. तो दीड महिना मला आजही सलतो, कारण त्या एका शब्दाने रुग्ण निश्चिंत झाला होता आणि माझी शंकाही सैल पडली होती.

ब्रॉन्कोस्कोपीला बहुधा गुंगीचे औषध लागते, ऑक्सिजन काही काळ उतरू शकतो आणि बायोप्सीत रक्तस्रावाचा धोका असतो, हे मान्य आहे. पण नमुना आजाराच्या जागेवरून मिळतो, आणि गॅलॅक्टोमॅननच्या चाचणीत न दिसणारी म्यूकर ही दुसरी बुरशी त्याच नमुन्यांत शोधता येते. क्षयाची पुन्हा तपासणीही होते. अर्थात, ॲस्परजिलसचे बीजाणू हवेत सर्वत्र असल्याने लव्हाजमध्ये बुरशी वाढली एवढ्यावर निदान होत नाही. सीटी स्कॅन आणि लक्षणे यांच्याशी तिचा मेळ बसावा लागतो.

जुन्या क्षयाची पोकळी आणि तीन महिन्यांहून अधिक काळची लक्षणे असतील, तर मात्र ॲस्परजिलसविरोधी आयजीजी प्रतिपिंडांची रक्ततपासणी मी आधी करतो; तिथे ती फार उपयोगी ठरते. इतरांच्या बाबतीत, रुग्णाला झेपणार असेल तर, गॅलॅक्टोमॅननच्या अहवालासाठी मी आता ब्रॉन्कोस्कोपी पुढे ढकलत नाही.