नवीन म्हणून घेतलेले टायर 2017 चे निघाले, चवथीच्या तोंडावर झालेली फसवणूक

गणेश चवथीला दहा-बारा दिवस राहिलेले, 2025 चा ऑगस्ट, आणि मला आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायला बेळगावला जायचं होतं. माहेर माझं बेळगावचं, सासर गोव्यातलं साखळी, त्यामुळे मधला चोर्ला घाट मला नवीन नाही, महिन्यातून एकदा तरी मी स्वतः गाडी घेऊन जाते, नवरा बोटीवर असतो म्हणून घरचं सगळं ड्रायव्हिंग माझ्याकडेच. हे आधी सांगतेय कारण नंतर बरेच जण म्हणाले की बाईमाणूस एकटी बघून फसवलं. असेलही. पण माझा दीर वीस वर्षं गाडी चालवतो आणि टायर कधी बनला ते सांगणाऱ्या टायरवरच्या चार आकड्यांबद्दल त्यालाही काही माहीत नव्हतं, म्हणून हे सगळ्यांसाठीच लिहितेय.

जायच्या आदल्या दिवशी म्हापशाला काम होतं, परत येताना पुढचं डावं चाक थोडं बसल्यासारखं वाटलं म्हणून रस्त्याला लागून एक टायरचं दुकान दिसलं तिथे थांबले. दुकानाचं नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे. एका पोराने चाक काढलं, साबणाचं पाणी लावलं, एक खिळा दिसला. मी म्हटलं काढ आणि पंक्चर काढून दे. तो म्हणाला आत नीट बघतो मॅडम, आणि चाक घेऊन मागे गेला. मी पुढे खुर्चीवर, पाऊस इतका की मागे काय चाललंय ते ऐकू पण येत नव्हतं. पाचेक मिनिटांनी मला बोलावलं, परत साबणाचं पाणी लावलं आणि पाच ठिकाणी बुडबुडे. पाच! मी फोटो काढून नवऱ्याला पाठवला, आणि तो फोटो काढला ते फार बरं झालं, त्याबद्दल पुढे सांगते.

मग मालक आला. पन्नाशीचा, कपाळाला गंध, बोलायला अगदी घरच्यासारखा. टायरच्या बाजूवर हात फिरवून मला एक उभा खळगा दाखवला, म्हणाला हे बघा आतली तार तुटलीय. पुढच्या दुसऱ्या चाकावर पण तसलाच खळगा. मग म्हणतो, "बाय, ह्या टायरांचेर घाट चडूं नाका." आणि मी घाबरले. मुलगी बरोबर येणार होती, नऊ वर्षांची, पाऊस थांबायचं नाव नाही, आणि समोरचा माणूस काळजीने सांगतोय असं वाटलं. माझे टायर 2022 साली घेतलेले, 26 हजार किलोमीटर चाललेले, हे मला माहीत होतं तरी मी म्हटलं असेल बाबा, त्याचा धंदा आहे, त्याला जास्त कळतं.

आतल्या खोलीतून दोन टायर आणले, चकचकीत काळे, नामांकित कंपनीचे, साइज माझीच 185/65 आर 15. वर कागदाचं स्टिकर नाही, मी विचारलं तर म्हणाला पावसात ओलं होऊन पडतं. एकाची किंमत 4,200, चवथीची ऑफर म्हणे, बाहेर हाच साडेपाच-सहा हजाराला. दोघांचे 8,400, माझे जुने दोन 600 ला लावून घेतले, बॅलन्सिंग आणि नायट्रोजन मिळून 700, एकूण 8,500. बिल मागितलं तर म्हणाला बिल केलं तर जीएसटी 28 टक्के वर लागेल, कशाला उगाच अडीच हजार सरकारला देता. तेव्हा टायरवर 28 च टक्के होता, सप्टेंबरच्या 22 तारखेपासून 18 झालाय, तेवढं खरं बोलला तो. पैसे फोनवरून पाठवले, ज्या नावावर गेले ते दुकानाचं नव्हतं, कुणाच्यातरी पर्सनल खात्याचं होतं, आणि ते मी घरी आल्यावर बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला निघालो. पर्ये, मोर्ले, केरी, तिथपर्यंत काही नाही, फक्त स्टेअरिंग जरा हलकं वाटत होतं, मला वाटलं नवीन टायर आहेत. घाटात अंजुणे धरणाचं पाणी खाली दिसायला लागतं त्या भागात एका वळणावर समोरून ट्रक जरा आमच्या बाजूला आला, माझा स्पीड तीस-पस्तीसच्या वर नव्हता, मी ब्रेक दाबला आणि गाडी थांबलीच नाही. ब्रेकचा पेडल पायाखाली थरथरत होता, स्टेअरिंग मी डावीकडे वळवलेलं आणि गाडी सरळ चाललेली. तो एक क्षण मी विसरणार नाही, चाक वळलंय आणि गाडी वळत नाही. ट्रकवाल्याने त्याच्या बाजूला घेतलं म्हणून वाचलो, मग कधीतरी एकदम ग्रिप मिळाली आणि डावं चाक डोंगराकडच्या गटारात जाऊन बसलं. मुलीला बेल्टचा वळ उठला खांद्यावर, बाकी काही नाही. मागून आलेल्या टेम्पोतल्या चार माणसांनी गाडी उचलून बाहेर काढली. त्यांचे उपकार आहेत.

बेळगावात भाऊ मला त्याच्या ओळखीच्या टायरवाल्या काकांकडे घेऊन गेला. चाळीस वर्षं हेच काम करणारा माणूस. मी म्हटलं काका नवीन टायर आहेत कालच घातलेत, तरी घसरली. काकांनी आधी हवा चेक केली, 42. माझ्या गाडीच्या दाराच्या पट्टीवर 33 लिहिलंय, नायट्रोजनच्या नावाखाली ठोकून भरलेली. काका म्हणाले आपण श्वास घेतो त्या हवेत 78 टक्के नायट्रोजनच असतो, त्याचे पैसे वेगळे द्यायची एवढी गरज नाही, त्यापेक्षा दर पंधरा दिवसांनी सकाळी गाडी थंड असताना साधी हवा बघत जा आणि स्टेपनीची पण बघ.

मग गाडी वर उचलली आणि टॉर्च घेऊन मला चाकाच्या आतल्या बाजूला बघायला लावलं, जी बाजू गाडीखाली जाते ती. तिथे डॉट (DOT) अशी इंग्रजी अक्षरं असतात, पुढे इंग्रजी अक्षरं-आकडे, आणि शेवटी एका लांबट गोलात चार आकडे. माझ्या टायरवर 2217. म्हणजे 2017 सालचा 22 वा आठवडा. दुसऱ्यावर पण तेच साल. काकांनी सांगितलं की हे चार आकडे बऱ्याच टायरांवर एकाच बाजूला असतात, दुसऱ्या बाजूला नुसतं डॉट आणि अर्धा नंबर, त्यामुळे जुना माल खपवायचा असला की तारखेची बाजू आत करून बसवतात, एकदा रिमवर चढला की गिऱ्हाईक गाडीखाली झोपून थोडंच बघणार आहे.

पण नुसता जुना स्टॉक असता तरी एकवेळ समजलं असतं. काकांनी माझा हात धरून बोट आधी माझ्याच जुन्या, मागच्या टायरच्या खाचेत घातलं, म्हणाले सरकव. टायरच्या कडेला बारीक त्रिकोण असतो, त्याच्या सरळ रेषेत खाचेच्या तळाला रबराचा छोटा उंचवटा बोटाला लागतो. ती झीज मोजायची खूण, 1.6 मिलिमीटरची, वरचं रबर झिजून त्या उंचवट्याला टेकलं की टायर कायद्यानेही बाद. मागच्या टायरला तो उंचवटा लागला आणि त्याच्या वर भरपूर खाच शिल्लक होती. मग पुढच्या टायरला तसंच बोट फिरवलं तर उंचवटा नाहीच. पूर्ण गोल फिरवलं, कुठेच नाही. खाचेच्या कडा सरळ पण नव्हत्या, सुरीने भोपळा कापावा तशा वरखाली. झिजलेला टायर, गरम सुरीने नक्षी परत खोल कोरलेली, त्यात खुणेचे उंचवटे पण कापले गेले, आणि वर काळं पॉलिश मारलं की झाला नवीन. काही ट्रकच्या टायरना कंपनीच खाली जास्तीचं रबर देते आणि तसं टायरवर लिहिलेलं असतं, ते कोरून वापरतात, ते वेगळं. कारच्या टायरमध्ये खाचेखाली थोडंसं रबर आणि लगेच स्टीलच्या तारा. एका ठिकाणी काकांनी टॉर्च धरला तिथे खाचेच्या तळाला दोन केसांएवढ्या तारा दिसत होत्या, गंजून तांबूस झालेल्या. ह्या टायरवर मी मुलीला घेऊन घाट चढले होते.

रिमवरून काढल्यावर आत एक जुना पॅच निघाला. कालच घेतलेल्या नवीन टायरच्या आत कुणाचातरी जुना पंक्चर. भाऊ काही बोललाच नाही, फक्त फोटो काढत राहिला.

मी काकांना विचारलं की खाचा तर खोल होत्या मग घसरली कशी. त्यांनी नख आधी मागच्या टायरवर दाबलं, वण उमटला, मग पुढच्यावर दाबलं, काही नाही, बाटलीच्या बुचासारखं कडक. खाचा पाणी बाहेर काढतात पण ओल्या रस्त्याला धरून राहतं ते मऊ रबर, आणि रबर वर्षानुवर्षं ऊन-हवा खाऊन कडक होत जातं, गाडी चालली काय नाही चालली काय. त्यात हवा 42, म्हणजे रस्त्याला टेकणारा भाग पण कमी. कंपनी खरी, आयएसआयचा शिक्का खरा, टायर पण बनावट नाही, फक्त कुणीतरी वापरून फेकलेला.

मग तो पाच बुडबुड्यांचा फोटो दाखवला. काका बघूनच म्हणाले, एक भोक खिळ्याचं, ते वाकडं आहे, बाकीची चार एकाच जाडीची आणि तळहाताएवढ्या जागेत, पंक्चरच्या सुईने टोचलेली. आणि तो बाजूचा खळगा, तार तुटलीय म्हणून दाखवलेला, तो तर नवीन टायरला पण असतो, आतल्या कापडाचे थर जिथे एकमेकांवर चढतात तिथे बाजूला उभी खोलगट रेघ दिसते. घाबरायचं ते बाहेर आलेल्या फुगवट्याला, खड्ड्यात आपटून बाजूला टेंगूळ आलं तर तो टायर लगेच बदलायचा. मला आत गेलेलं दाखवून बाहेर आल्याची भीती घातली. म्हणजे माझे चांगले टायर 600 ला गेले आणि ते त्याने नक्की पुढे कुणालातरी विकले असणार, हा राग मला पैशांपेक्षा जास्त आहे.

तिथेच दोन नवीन घेतले. काकांनी रिमवर चढवायच्या आधी टायर माझ्या हातात दिला, म्हणाले वाच. 1925, म्हणजे 2025 चा 19 वा आठवडा, तीन महिन्यांपूर्वीचा. अंगावर ते रबराचे बारीक केस, मधोमध रंगीत रेघ, स्टिकर जागेवर. बिलावर टायरचा नंबर लिहून घेतला, वॉरंटी कार्डावर शिक्का. आणि नवीन दोन मागे घातले, माझे मागचे पुढे आणले. मला वाटायचं गाडी पुढच्या चाकांवर ओढते तर नवीन पुढेच हवेत, तर काका म्हणाले पुढची चाकं घसरली तर ब्रेक-स्टेअरिंगवर तुला लगेच कळतं, वेग कमी करून सावरता येतं, मागची घसरली तर गाडी गरकन फिरते आणि मग काही हातात राहत नाही.

परत आल्यावर दिराला घेऊन त्या दुकानात गेले. मालकाने ओळखच दाखवली नाही. हे टायर आमचे नव्हेतच, बिल दाखवा. पैसे पाठवल्याचं दाखवलं तर म्हणे ह्या नावाचा माणूस आमच्याकडे नाही. तो चाक मागे नेणारा पोरगा समोर उभा होता, मान खाली घालून. 1915 वर फोन केला, ही ग्राहकांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, त्यांनी तक्रार नोंदवून घेतली, पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट, बुडबुड्यांचा फोटो, 2217 चा फोटो, आतल्या पॅचचा फोटो सगळं दिलंय. बिल नसल्यामुळे जड जातंय, अजून एक पैसा परत आलेला नाही. अडीच हजार वाचवायला मी माझा सगळ्यात मोठा पुरावा सोडून दिला.

तेव्हा टायर घ्यायला जाल तेव्हा रिमवर चढायच्या आधी हातात घ्या, दोन्ही बाजू फिरवून चार आकडे शोधा, खाचेत बोट घालून उंचवटा आहे का बघा, आत टॉर्च मारून पॅच आहे का बघा, दोन मिनिटं पण लागत नाहीत. दुकानदार कंटाळला तर कंटाळू दे. पंक्चर काढताना चाक नजरेआड नेऊ देऊ नका, पाऊस असला तरी उठून जवळ उभे राहा. सेकंडहँड गाडी किंवा रेंट अ कार घेणाऱ्यांनी पण आतली बाजू बघावी, वरून चकचकीत दिसण्याला काही अर्थ नाही.

ते दोन टायर मी गाडीत घालून साखळीला आणलेत. निघताना काकांनी बजावलं होतं की भंगारात देऊ नकोस, भंगारातून ते परत तिकडेच जातात आणि परत पॉलिश होऊन कुणाच्यातरी गाडीला लागतात. एक तक्रारीसाठी मागच्या पडवीत ठेवलाय. दुसरा दिराने करवत घेऊन बाजूने आरपार कापला, अर्धा तास लागला, आता तो कुणाच्याच रिमवर चढणार नाही.